चार स्क्रू आणि एक घंटी

चार स्क्रू. माझी मागणी एवढीच होती. भिंतीला चार भोकं पाडायची, त्यांत चार स्क्रू पिळायचे आणि वर एक गोल निळा फलक बसवायचा. आमच्या देशात एखादा कवी सर्दी होऊन कुठे दोन दिवस झोपला, तरी त्या घराला फलक लागतो. त्या हिशेबानं हे काम एखाद्या शनिवारी दुपारच्या चहाआधी आटपायला हवं होतं. प्रत्यक्षात चौदा महिने लागले, आणि त्यात एक वटवाघूळतज्ज्ञ, एक महापौर, अकरा बार्बरा आणि माझी चोवीस वर्षांपूर्वी वारलेली आई एवढी मंडळी ओढली गेली.

सुरुवात आमच्या भागातल्या साप्ताहिकानं केली. 'द डॅम्प मॅचेस' या बँडला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून त्यांनी अर्धं पान खर्ची घातलं होतं. (उरलेल्या अर्ध्या पानावर कारंज्यात सापडलेल्या एका शॉपिंग ट्रॉलीची बातमी होती, आणि ती अधिक सहानुभूतीनं लिहिली होती.) लेखात म्हटलं होतं, की या बँडचा जन्म बार्नथॉर्पच्या बसडेपोत झाला. बार्नथॉर्प! ज्या गावात पुराखेरीज आजवर काहीही जन्माला आलेलं नाही, त्या बार्नथॉर्पला! बँडचा जन्म आमच्या रॅम्सक्लफला, मिल स्ट्रीटवर, माझ्या आईच्या लोकरीच्या दुकानामागच्या खोलीत झाला हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण मी तिथे होतो.

आणि खाली नावं चार छापली होती. पाचवं नव्हतं. पाचवं माझं.

तरुण वाचकांना या बँडची माहिती नसेल, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नसेल, तरी सांगतो. डॅम्प मॅचेस म्हणजे सर्दावलेल्या आगकाड्या. विसाव्या वर्षी हे नाव आम्हांला विलक्षण बंडखोर वाटलं होतं. पुढे समीक्षकांना मथळ्यांसाठी वेगळे कष्ट घ्यावे लागले नाहीत, ही त्या नावाची खरी कामगिरी. बँडची गाजलेली गाणी तीन. पहिलं 'बार्बरा, तुझी बस चुकली'. हे सन ऐंशीत लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या नंबरावर जाऊन बसलं आणि डुलकी लागलेल्या पाहुण्यासारखं सहा आठवडे तिथून उठलं नाही. दुसरं 'बार्बरा, पुढची बस कधी?', म्हणजे पहिलंच गाणं थोड्या घाईत म्हटलेलं. तिसरं 'चहात पडलेलं बिस्कीट'. ते प्रेमभंगावर आहे असं गायक सांगतो. मी ते शेकडो वेळा ऐकलंय आणि माझ्या मते ते बिस्किटावर आहे. त्यानंतर त्यांनी एक प्रायोगिक अल्बम काढला, कालव्यांवर, बासष्ट मिनिटांचा. त्याच्याविषयी बँडमधलं कुणीही बोलत नाही. गाजलेली गाणी तीन असली तरी 'सर्वोत्तम गाणी' म्हणून अल्बम मात्र सहा निघाले: 'सर्वोत्तम गाणी', 'खरोखर सर्वोत्तम गाणी', असं करत करत 'अखेरची सर्वोत्तम गाणी'पर्यंत, आणि त्या अखेरच्यानंतर आणखी दोन.

तर ते बार्बराचं गाणं कसं सुरू होतं? आधी गिटार नाही, ड्रम नाही. टिंग-टिंग. जुन्या बसमध्ये कंडक्टर गाडी सोडायला दोन घंट्या द्यायचा, तशा दोन घंट्या. मग एक क्षण शांतता, आणि मग आमचा गायक डेरेक बोंबलायला लागतो. ते टिंग-टिंग माझं. दुकानात गल्ल्यावर गिऱ्हाइकानं हाक मारायला एक पितळी घंटी ठेवलेली असे, वरून टिचकी मारायची तसली. एका मंगळवारी मी ती उचलून आतल्या खोलीत नेली आणि इंग्लिश संगीताच्या इतिहासात दोन ठोके घातले.

मंगळवारी आमची तालीम असे. खोलीला जमिनीपासून छतापर्यंत लोकर भरलेली, त्यामुळे आमचा सगळा आक्रोश त्या गुंड्यांत मुरून जाई. तरी दर दहा मिनिटांनी दार उघडे आणि आई डोकं आत घालून म्हणे, "आवाज कमी करा! गिऱ्हाईक टाके मोजतंय!" मग डेरेक म्हणे, "सॉरी, मिसेस हेस्केथ," आणि आम्ही बंडखोरी हळू आवाजात सुरू ठेवत असू.

मला बँडमधून केव्हा काढलं, हे मात्र मला नक्की सांगता येत नाही. आमच्याकडे माणसाला काढलं तर त्याला ते सांगणं असभ्यपणाचं समजतात. एका मंगळवारी कुणी आलं नाही. आई म्हणाली, "डेरेकला पडसं झालंय." पुढच्या मंगळवारी ड्रमवाल्याच्या मावशीचं काही तरी होतं. असे आठ मंगळवार मी हातात घंटी नसताना एकटा लोकरीत बसून काढले. घंटी नव्हती, कारण मधल्या काळात ती गल्ल्यावरून नाहीशी झाली होती. "चोरीला गेली असेल," आई म्हणाली. "बार्नथॉर्पचं कुणी तरी येऊन गेलं." नवव्या आठवड्यात आईच्या ओळखीनं मी वॉटर बोर्डात चिकटलो. आणि काही महिन्यांनी गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर डॅम्प मॅचेस दिसले. चौघे. ड्रमवाल्यानं सुरुवातीलाच हात लांब करून टिंग-टिंग केलं. घंटी आमच्या घंटीसारखीच दिसत होती; पण घंट्या सगळ्या सारख्याच दिसतात. शेजारी आई विणत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्या डेरेकनं केस कापायला हवेत."

मी समजलो. माझ्या स्वेटरामुळे मला काढलं असणार. स्वेटर आईनंच विणला होता, त्यावर बदकं होती. डेरेकला मी विचारलं नाही. असं कसं विचारणार? पंचेचाळीस वर्षं मी हा प्रश्न गिळून बसलो, त्यातली सदतीस वॉटर बोर्डात पाण्याच्या दाबावर अहवाल लिहीत. मी त्या बँडमध्ये होतो की नव्हतो? होतो, तर कधीपर्यंत? माणसाला आयुष्यात एकदा तरी हे कुठे तरी लिहिलेलं दिसावंसं वाटतं. कागदावर नको. भिंतीवर, चार स्क्रूंनी घट्ट.

माझी बायको ग्लेनिस म्हणाली, "तुला फलक हवाय की माफी हवीय?"

"मला इतिहास दुरुस्त करायचाय," मी म्हणालो.

"मग आधी बाथरूमचा नळ कर. तोही पंचेचाळीस वर्षं गळतोय."

लोकरीच्या दुकानाच्या जागी आता कुत्र्यांचे केस कापायचं दुकान आहे. मालकीण मिसेस गिलिब्रँड, दंडाला पूडलचे केस चिकटलेले, आवाज रस्त्यापलीकडे जाणारा. मी टोपी काढून, आढेवेढे घेत विषय काढला.

"राजा, चार स्क्रूच ना?" ती म्हणाली. "तू हवं तर अख्खी भिंत घेऊन जा. माझ्या बार्बरा मावशीला ते गाणं फार आवडायचं. बिचारीची बस खरंच चुकली होती. तूच का रे तो गाणारा?"

"नाही, मी घंटी."

"घंटी का?" ती म्हणाली, आणि पुन्हा पूडलकडे वळली. त्या 'का'मध्ये माझ्या सबंध आयुष्याचं परीक्षण होतं.

आमच्या गल्लीत कुठलीही गोष्ट करायची तर ती आधी बर्नार्ड क्रॉम्प्टनला सांगावी लागते. न सांगितली तर त्याला आधीच कळलेली असते. बर्नार्ड आमचा शेजारी, भूगोलाचा निवृत्त मास्तर. कुंपणावर दोन्ही कोपरं टेकून त्यानं सल्ला दिला, "निळा घेऊ नकोस. निळा उडतो. हिरवा घे. आणि गोल कशाला? कोपरे असले की धरायला बरे पडतात. आणि नगरपालिकेत जाताना माझं नाव सांगू नकोस."

"का?"

"माझं नाव त्यांच्याकडे आहे," बर्नार्ड गंभीरपणे म्हणाला.

नगरपालिकेच्या वारसा विभागात मिस टॅटरसॉल नावाची मुलगी होती. तिशीची असेल, डोळे प्रेमळ, आणि पुढ्यात नियमांची एक फाइल. एवढी गोड मुलगी मी सरकारी कचेरीत पाहिली नव्हती, आणि एवढ्या गोडपणे कुणी माझं वाटोळंही केलं नव्हतं. मी मजकूर पुढे केला: 'या जागी १९७९ मध्ये द डॅम्प मॅचेस या बँडची स्थापना झाली', आणि खाली पाच नावं. सभ्यता म्हणून मी माझं शेवटी घातलं होतं, अक्षर मात्र जरा ठळक.

तिनं वाचलं. "किती सुंदर! यातले कोण कोण वारलेत?"

"कुणीच नाही."

"अरेरे," ती म्हणाली.

मग तिनं फाइल फिरवून मला नियम दाखवला. फलकावर ज्याचं नाव घालायचं ती व्यक्ती मृत हवी, आणि मरून किमान वीस वर्षं झालेली हवीत. जिवंत माणसाचा भरवसा काय? आज फलक लावला आणि उद्या त्यानं काही भलतंच केलं तर?

"मग नावं नकोत," मी म्हणालो. माझं नाव असं पहिल्याच भेटीत गेलं. "नुसता बँडचा लावू."

"बँड मेलाय का?"

"कलेच्या दृष्टीनं म्हणाल तर सन चौऱ्याऐंशीत."

"तसं काही प्रमाणपत्र आहे का?"

तसं प्रमाणपत्र नव्हतं. उलट बँड अजून उन्हाळ्यात समुद्रकाठच्या गावांतून फिरत होता, गेल्याच वर्षी एका धक्क्यावर त्यांचा कार्यक्रम झाल्याची नोंद तिला तिच्या संगणकावर सापडली. म्हणजे बँड जिवंत होता, निदान चालता-बोलता होता. तिनं काळजीनं माझ्याकडे पाहिलं. "मिस्टर हेस्केथ, तुमची तब्येत कशी असते हल्ली?"

"ठणठणीत."

"अरेरे... म्हणजे, छानच की!" ती घाईघाईनं म्हणाली. "बरं, त्या खोलीशी संबंध असलेलं कुणी वारलेलं नाही का? वीस वर्षांपूर्वी?"

"माझी आई. दोन हजार एक साली."

तिचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या आईच्या निधनानं एवढा उजळलेला चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. "त्यांनी बँडसाठी काय केलं होतं?"

"दार उघडून 'आवाज कमी करा' म्हणायची."

तिनं ते टाइप केलं.

मी घरी आलो तेव्हा माझ्या हातात सतरा पानी अर्ज होता आणि त्यात अर्जदार म्हणून मी, आणि इतिहास म्हणून माझी आई. ग्लेनिसनं मजकूर वाचला आणि इतकी हसली, की तिला दाराच्या चौकटीचा आधार घ्यावा लागला. "त्यांचं नाव लागणार! ट्रेव्हर, अरे त्यांना तुमचं एकही गाणं आवडत नव्हतं!"

"म्हणूनच ते तटस्थ ठरतं," मी म्हणालो. मनातून मी पेचात होतो. पण दुसरी आशाही होती. फलकावर बँडचं नाव येणार, 'हेस्केथ' हे आडनाव येणार. वाचणारा विचार करील, हेस्केथ कोण? मग कुणी तरी सांगेल, अहो, त्यांचा मुलगा होता ना, घंटीवाला. आडवाटेनं का होईना, मी भिंतीवर पोचणार.

यानंतर मिल स्ट्रीटच्या विजेच्या खांबाला माझ्या अर्जाची नोटीस बांधली गेली: एकवीस दिवसांत हरकती पाठवाव्यात. एकच हरकत आली. चार पानांची, तळटिपांसह. बर्नार्ड क्रॉम्प्टनची.

मी कुंपणाशी गेलो. "बर्नार्ड, तू? माझ्या फलकाला?"

"ट्रेव्हर, वैयक्तिक काही नाही," बर्नार्ड खरोखर दुखावून म्हणाला. "मी सगळ्यालाच हरकत घेतो. तुलाच वगळलं असतं तर लोक म्हणाले असते, शेजाऱ्याला झुकतं माप देतो. आणि मुद्दे चांगले आहेत. पान दोन बघ. पर्यटक येतील, ते गाड्या कुठे लावतील?"

"कुठले पर्यटक, बर्नार्ड?"

"ते पान तीनवर आहे. कुणीही येणार नाही, तेव्हा फलकाची गरज काय?"

हरकत आली म्हणजे समितीची बैठक आली. पण बैठकीआधी वटवाघळं आली. म्हणजे आली नाहीत, हाच प्रश्न होता. जुन्या दगडी भिंतीला भोक पाडण्यापूर्वी तिच्यात वटवाघळं राहत नाहीत असा दाखला लागतो. राहत असतील तर त्यांना हात लावणं हा गुन्हा आहे. माझ्या आईला त्या दुकानातून बाहेर काढायला घरमालकाला एका नोटिशीचा कागद पुरला होता, एवढं नोंदवून ठेवतो. तपासणीला एक लांब, शांत तरुण आला. त्यानं शिडी लावली, फटीत आरसा घातला, आणि शेवटी चिमट्यानं एक काळी, बारीक वस्तू काढून उन्हात धरली.

"हे वटवाघळाचं असू शकतं," तो श्रद्धेनं म्हणाला.

मिसेस गिलिब्रँड दारातून ओरडली, "अरे राजा, तो माझा जिऱ्याचा पाव आहे! कबुतरांना घालते मी!"

तरीही ते प्रयोगशाळेत गेलं. सात आठवड्यांनी अहवाल आला: जिरं.

समितीची बैठक एका बुधवारी दुपारी झाली. नऊ सदस्य, चहा, तीन प्रकारची बिस्किटं. पहिला सदस्य म्हणाला, फलक छान, पण तो कालव्याबद्दल असता तर बरं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, निळा रंग वारसा क्षेत्रात 'आक्रमक' वाटेल. गडद राखाडी घ्या. तिसऱ्यानं विचारलं, 'आवाज कमी करा' हे वाक्य आजच्या तरुणांना निराश तर करणार नाही ना? बर्नार्डला बोलायला तीन मिनिटं दिली. तो अकरा बोलला आणि बोलता बोलता त्यानं माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली, कारण समोरच्याचं सगळं तो आधी न्यायबुद्धीनं सांगतो आणि मग खोडतो. खोडायची वेळ आली तेव्हा अध्यक्षांनी घंटा वाजवली. अशा रीतीनं फलक मंजूर झाला. पाचास चार. अटी दोनच: रंग राखाडी, आणि उंची जमिनीपासून बारा फूट, म्हणजे कुणाला त्याचा त्रास होणार नाही. इतक्या उंचीवरचं कुणाला वाचताही येणार नाही, हे मी म्हणणार होतो. पण अध्यक्षांनी "धन्यवाद, मिस्टर हेस्केथ" इतक्या छान आवाजात म्हटलं, की मी "नाही नाही, तुमचेच आभार" म्हणून बाहेर आलो.

अनावरणाचा दिवस उजाडला तो पावसात. मला वाटलं होतं सहा-सात माणसं येतील. मिसेस गिलिब्रँडनं मात्र फोनवरून साऱ्या जगाला कळवलं होतं. छत्र्यांखाली साठ-सत्तर लोक, ओल्या कुत्र्यांचा एक जथा, आणि एकसारखे जांभळे कोट घातलेल्या अकरा बायका. त्या चाहत्या मंडळाच्या. अकराही जणींचं नाव बार्बरा. सभासद व्हायला दुसरी अट नाही, असं त्यांच्यातल्या एका बार्बरानं मला सांगितलं. गर्दीच्या कडेला बर्नार्ड हातात वही घेऊन पर्यटकांच्या गाड्या मोजत होता.

आणि तेवढ्यात एका टॅक्सीतून डेरेक उतरला.

डेरेक ऑलरन्शॉ. रंगमंचावरचं नाव रिकी ब्लेझ. तीस वर्षं स्पेनच्या उन्हात राहून त्याचा रंग जुन्या सुटकेसचा झाला होता, केस मात्र तेच, किंवा तसेच विकत घेतलेले. त्याला कुणी बोलावलं?

"मी," ग्लेनिस कानाशी म्हणाली. "चौदा महिने झोपेत 'टिंग-टिंग' म्हणतोयस. विचारून टाक एकदाचं."

महापौरांनी गळ्यातली सोन्याची साखळी सावरली, दोरी ओढली. पडदा हलला नाही. पडदा ग्लेनिसनं आमच्या जुन्या पडद्यातून शिवला होता, आणि तो आमच्याकडेही कधी धड सरकला नव्हता. महापौरांनी जोर केला. पडदा दांडीसकट खाली आला, साखळीत अडकला, आणि महापौर भर पावसात फुलाफुलांच्या कापडात गुंडाळले गेले. एका कुत्र्याला ते बिलकूल आवडलं नाही. त्या गडबडीत वर, बारा फुटांवर, आभाळाच्याच रंगाचा फलक उघडा झाला. मिसेस गिलिब्रँडनं तो शिडीवर चढून वाचून दाखवला: "'लोकरविक्रेत्या एड्ना हेस्केथ यांनी या खोलीत द डॅम्प मॅचेस यांना आवाज कमी करायला सांगितले. १९७९.'"

टाळ्या वाजल्या. अकरा बार्बरांनी डोळे पुसले. आणि डेरेक माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ट्रेव्हर."

"डेरेक. पाऊस आहे आज," मी म्हणालो.

"आहे खरा."

पंचेचाळीस वर्षांनी झालेल्या भेटीत आमच्याकडे याहून जास्त बोलत नाहीत, आणि मी तिथेच थांबलोही असतो. पण ग्लेनिसनं छत्रीचं टोक माझ्या बरगडीत खुपसलं.

"डेरेक," मी म्हणालो, "तुम्ही मला का काढलंत? बदकांमुळे का?"

"काढलं?" डेरेक म्हणाला. "तुला कुणी काढलं? तू सोडून गेलास!"

"मी? मी आठ मंगळवार लोकरीत बसलो होतो!"

डेरेकच्या तोंडावरचा सगळा स्पेन उतरला. "तुझ्या आईनं आम्हांला दुकानाच्या दारात गाठलं. म्हणाल्या, ट्रेव्हरला वॉटर बोर्डात नोकरी लागतेय, पेन्शनची. त्याला जायचंय, पण तुम्हांला तोंडावर सांगायला लाजतो. तेव्हा तुम्हीही विषय काढू नका, त्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. आम्ही कसा काढणार? बरं दिसलं असतं का?"

"आणि तुम्ही गप्प ऐकलंत?"

"मी म्हटलं, मिसेस हेस्केथ, पण त्याच्याशिवाय ते टिंग-टिंग कोण करणार? तर त्यांनी आत जाऊन ही आणली." त्यानं कोटाच्या खिशातून एक पितळी घंटी काढली. कडेला आईनं चिकटवलेला दुकानाचा कागद अजून होता. "म्हणाल्या, घंटी घेऊन जा, मुलगा ठेवून जा."

मी वर पाहिलं. बारा फुटांवर, चार स्क्रूंनी घट्ट, नगरपालिकेच्या शिक्क्यानिशी, वटवाघळांचा दाखला घेऊन, माझी आई होती. चौदा महिने खपून मी स्वतः तिला तिथे बसवलं होतं.

"म्हणजे मला कुणी काढलंच नाही?" मी म्हणालो.

"नाही."

"आणि मी राजीनामाही दिलेला नाही." वॉटर बोर्डात सदतीस वर्षं काढलेला माणूस कागद विसरत नाही. "म्हणजे नियमानं पाहिलं तर मी अजून—"

"अजून आहेस," डेरेक म्हणाला, आणि घंटी माझ्या हातात ठेवली. "पुढच्या गुरुवारी आम्ही निघतोय. चौदा गावं, सगळी समुद्रकाठची. ड्रमवाल्याचा खांदा गेलाय, त्याचा हात घंटीपर्यंत पोचत नाही. येतोस?"

माझ्या छातीत काही तरी टिंग झालं. पण तोंड सवयीनं उघडलं. "फार छान कल्पना आहे, डेरेक. एकदा खरंच विचार करायला हवा." रॅम्सक्लफमध्ये याचा अर्थ लहान मुलालाही कळतो: नाही, कधीच नाही, आणि पुन्हा विचारू नकोस. पण डेरेक तीस वर्षं स्पेनमध्ये होता. त्यानं माझी पाठ थोपटली आणि तो खूश होऊन निघून गेला.

तो आठवडा मी घंटीला पॉलिश करण्यात घालवला. वाजवून बघितल्याशिवाय पॉलिश नीट बसलंय की नाही ते कळत नाही. सकाळी उठलो की टिंग-टिंग. चहा उकळला की टिंग-टिंग. ग्लेनिस फोनवर बहिणीशी बोलत असताना, केवळ ताल जातो की काय हे पाहायला, टिंग-टिंग. बर्नार्डनं दोन पानांची हरकत पाठवली. "तुला जायचंय," ग्लेनिस म्हणाली. "छे," मी म्हणालो, "मी त्याला स्पष्ट नाही म्हटलंय." टिंग-टिंग.

गुरुवारी सकाळी नऊला दाराशी एक पांढरी व्हॅन येऊन उभी राहिली. तिच्या बाजूवर 'द डॅम्प मॅचेस' आणि खाली बारीक अक्षरांत 'सर्वोत्तम गाणी'. मी जिन्याच्या वरच्या टोकाला, पडद्याआड गेलो. नाही कसं म्हणावं हे मला येत नव्हतं, आणि हो कसं म्हणावं हे तर कुणी शिकवलंच नव्हतं. खाली ग्लेनिसनं दार उघडलं. तिच्या हातात घंटी होती.

डेरेकनं टोपी काढली. "मिसेस हेस्केथ, त्याची इच्छा नसेल तर आग्रह नाही. गेल्या वेळेसारखं घंटीवर भागवू आम्ही."

ग्लेनिसनं घंटीकडे पाहिलं. मग मान वर करून जिन्याकडे पाहिलं, जिथे पडद्याखाली माझे बूट दिसत असावेत, पॉलिश केलेले. दाराआड माझी भरलेली बॅगही उभी होती; सकाळपासून ती तिला दिसलेली नाही असं मी समजत होतो.

"नाही," ती डेरेकला म्हणाली. "दोन्ही घेऊन जा."